'मग आम्ही काय वेगळं करतो, सर?'

*प्रिय ताई,*

*मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. नोकरीला बावीस वर्षं झाली. गेल्या महिन्यात नववीच्या वर्गात एआयचा विषय निघाला. एका मुलानं विचारलं, "सर, एआय स्वतः विचार करतं का?" मी म्हणालो, "छे! त्यात जेवढं भरलंय तेवढंच ते ओकतं. स्वतःचं असं त्याच्याकडे काही नाही." तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "मग आम्ही काय वेगळं करतो, सर? तुम्ही फळ्यावर लिहिता, आम्ही वहीत उतरवतो, परीक्षेत तेच लिहितो." सगळा वर्ग हसला. मला ते उद्धट वाटलं. "फार शहाणी झालीस, खाली बस," असं म्हणून मी पुढचं उदाहरण घेतलं. त्या दिवसापासून ती वर्गात तोंड उघडत नाही. मला मात्र रात्री तिचाच प्रश्न आठवतो. मी सांगितलं ते बरोबर की चूक? यंत्राला स्वतःचा, अस्सल विचार करता येतो का? वर्गात सांगता येईल असं एका वाक्यातलं उत्तर द्याल का?*

*— एक गणित शिक्षक*

सर, नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. बावीस वर्षं शिकवलेला माणूस एका नववीतल्या मुलीच्या प्रश्नानं जागा राहतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. एका वाक्यातलं उत्तर मात्र मी देणार नाही. तसं एक वाक्य तुम्ही आधीच दिलं होतं आणि सगळा गुंता त्यानंच झाला.

आधी तुमचं वाक्य घेऊ. ते तुमचं एकट्याचं नाही. इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज यांनी एका अवाढव्य गणनयंत्राचा आराखडा केला होता. ते यंत्र कधी पूर्ण बांधलं गेलं नाही, पण त्यावरच्या एका लेखाचं भाषांतर करताना एडा लव्हलेस यांनी 1843 साली त्याला स्वतःच्या टिपा जोडल्या. मूळ लेखापेक्षा टिपाच कितीतरी लांब झाल्या. त्यात त्यांनी म्हटलं की हे यंत्र आपणहून काही निर्माण करण्याचा दावा करत नाही. जे करायला सांगणं आपल्याला जमतं, तेवढं ते करतं. 'जेवढं भरलंय तेवढंच' हे त्याचंच मराठी रूप.

पुढे 1950 मध्ये ब्रिटिश गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंग यांनी 'यंत्राला विचार करता येईल का' यावर एक निबंध लिहिला आणि लव्हलेसबाईंचा हा आक्षेप त्यात नाव घेऊन तपासला. त्यांचं एक म्हणणं साधं होतं: यंत्रं मला वारंवार चकित करतात. दुसरं म्हणणं ऐका. त्यांनी विचारलं की माणसानं केलेलं 'स्वतंत्र' काम म्हणजे तरी शिकवणीतून त्याच्यात पेरलेल्या बीचं झाड नव्हे, किंवा सर्वांना ठाऊक असलेल्या नियमांवरून चालत गेल्याचा परिणाम नव्हे, अशी खात्री कोण देणार?

सर, हा तुमच्या मागच्या बाकावरचा प्रश्न आहे. त्या मुलीनं ट्युरिंग वाचलेले नाहीत. ती स्वतःच्या वहीकडे बघून तिथं पोचली. तुम्ही तिला खाली बसवलंत तेव्हा वर्गातला त्या दिवसाचा सगळ्यात अस्सल विचार खाली बसला. हे मी तुम्हाला टोचायला लिहीत नाही. तुम्हालाही ते कळलंय, म्हणून तर झोप उडाली.

आता तुमचं वाक्य गणिताच्या रीतीनं तपासू. सर्वसाधारण विधान खोटं ठरवायला एक प्रत्युदाहरण पुरतं, हे मी तुम्हाला काय सांगावं.

'गो' हा पूर्व आशियातला पटावरचा खेळ. 19 उभ्या आणि 19 आडव्या रेघा, 361 छेदबिंदू, काळ्या-पांढऱ्या सोंगट्या; सोंगट्यांनी जास्त मुलूख घेरेल तो जिंकतो. मार्च 2016 मध्ये सोल इथं अल्फागो नावाचा प्रोग्रॅम आणि कोरियाचे ली सेडोल यांच्यात पाच डाव झाले. ली जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी. दुसऱ्या डावात सदतिसाव्या चालीला यंत्रानं कडेपासून पाचव्या रेघेवर सोंगटी ठेवली. गो शिकणाऱ्याला पहिल्यापासून सांगतात की डावाच्या सुरुवातीला तिसरी आणि चौथी रेघ धरा. पाचव्या रेघेवरून असं दाबायला गेलात तर खालचा मुलूख प्रतिस्पर्ध्याला आंदण मिळतो. समालोचकांना आधी ती चूक वाटली. ली यांनी उत्तर द्यायला दहा मिनिटांहून अधिक वेळ घेतला. तो डाव यंत्रानं जिंकला आणि ती सोंगटी पुढे मोक्याची ठरली.

आता यातली खरी गंमत बघा. अल्फागोला आधी माणसांनी खेळलेल्या डावांतल्या सुमारे तीन कोटी पटस्थिती दाखवल्या होत्या. म्हणजे माणूस अशा वेळी कुठली चाल करेल याचा अंदाज त्याला होता. सदतिसावी चाल माणूस खेळेल ही शक्यता त्याच्या हिशेबानं दहा हजारात एक होती. तरी त्यानं ती खेळली, कारण माणसांकडून शिकून झाल्यावर ते स्वतःशीच लाखो डाव खेळलं होतं. 'भरलेलं' त्याला ठाऊक होतं आणि त्यापासून ते बाजूला झालं. पुढल्याच वर्षी, 2017 मध्ये, त्याची एक आवृत्ती निघाली जिला माणसाचा एकही डाव दाखवला नव्हता, फक्त नियम दिले होते. ली यांना हरवणाऱ्या आवृत्तीला तिनं शंभर डावांत शंभर वेळा हरवलं. काहीही न भरलेलं यंत्र भरलेल्या यंत्राला हरवतं, तिथं तुमचं वाक्य टिकत नाही. ली सेडोल स्वतःही नंतर म्हणाले की हे फक्त शक्यता मोजणारं यंत्र आहे असं मला वाटत होतं, ती चाल पाहून माझं मत बदललं.

ही गोष्ट वर्गात सांगाल तर चौथा डावही सांगा. तोवर ली तिन्ही डाव हरले होते. अठ्ठ्याहत्तराव्या चालीला त्यांनी दोन सोंगट्यांच्या मधोमध पाचर मारावी तशी सोंगटी घातली. यंत्राच्या हिशेबात तीही दहा हजारात एक अशीच चाल होती. त्यानंतर यंत्राच्या चाली भरकटल्या आणि तो डाव ली जिंकले. एकूण निकाल 4-1 लागला. हरत आलेल्या माणसाला ती चाल सुचली हे मला आजही विलक्षण वाटतं.

म्हणजे 'यंत्र विचार करतं' असं सांगून मोकळं व्हायचं का? नाही, सर. इथं घाई करू नका.

मार्गारेट बोडेन या ब्रिटिश विदुषींनी 1990 मध्ये नवेपणाचे दोन प्रकार वेगळे केले. एक, जगाच्या इतिहासात पहिल्यांदा घडलेलं नवं. दुसरं, ज्याला सुचलं त्याच्यापुरतं नवं, मग ते आधी हजारांना सुचलेलं असो. बोडेनबाईंना दुसरा प्रकार जास्त मूलभूत वाटायचा, मलाही वाटतो. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज 180 अंश का होते हे एखाद्या मुलाला कागद फाडून, कोपरे जुळवून स्वतःहून दिसतं तेव्हा त्याचा चेहरा तुम्ही पाहिला असेल. जगाला ते दोन हजार वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे, पण त्या मुलासाठी ते त्या क्षणी जन्माला आलेलं असतं.

या दोन खणांत तुमची विद्यार्थिनी आणि ती सदतिसावी चाल शेजारी शेजारी ठेवून बघा. मुलीचा प्रश्न जगाला नवा नव्हता, 1950 सालीच विचारून झाला होता, पण तिला तो संपूर्ण नवा होता. यंत्राची चाल जगाला नवी होती. पण ती ज्याला नवी वाटली असं यंत्राच्या बाजूला कोणी होतं का? थबकले ली, चकित झाले समालोचक. चाल काढणाऱ्याला आपण काही वेगळं केलं याचा पत्ता होता, असं मानायला मला कुठलाही आधार दिसत नाही. दहा हजारात एक हा आकडा त्याच्याकडे होता, आश्चर्य नव्हतं. मी जेवढा विचार केला त्यावरून माझं मत असं झालंय: यंत्र नवं काढू शकतं, हे आता मान्य करावं. ते नवं 'त्याचं स्वतःचं' आहे का हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर अजून होकारार्थी आलेलं नाही.

मुलं फोनवर ज्या बोलक्या एआयशी खेळतात, त्याबद्दल एक फरक सांगायला हवा. गोच्या पटावर हार-जीत हा पंच असतो. यंत्र कितीही विचित्र चाल करू दे, शेवटी जिंकलो की हरलो हे कळतं, म्हणून त्याला गर्दीपासून लांब जाऊन बघता येतं. गणितातही पुरावा हा पंच असतो. जुलै 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडची प्रश्नपत्रिका एआयनं सोडवली, सहापैकी पाच प्रश्न, 42 पैकी 35 गुण, म्हणजे सुवर्णपदकाएवढे. सहावा प्रश्न त्या यंत्रांना सुटला नाही. स्पर्धेतल्या मोजक्या शाळकरी मुलांना सुटला. निबंधाला किंवा पत्राला असा पंच नसतो. तिथं यंत्र मुख्यतः पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधत जातं आणि बहुतेक जण जसं लिहितात तिकडे झुकतं. या सदराकडे हल्ली अशी पत्रं येतात. नवऱ्यानं सोडलेली बाई आणि नोकरी गेलेला तरुण एकाच गुळगुळीत भाषेत दुःख मांडतात, आणि मला त्या माणसापर्यंत पोचताच येत नाही. तुमच्या पत्रात 'ओकतं' हा शब्द आहे. तो तुमचा आहे, हे मला लगेच कळलं.

मुलीनं विचारलं तिकडे परत येते. आम्ही काय वेगळं करतो? 'आम्ही कुणाकडून काही घेत नाही' हे उत्तर तर देताच येणार नाही. सगळे घेतात. ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये गीतेवर ओव्या रचल्या; श्लोक दुसऱ्याचे, आणि मी व्यासांचा मागोवा घेत, भाष्यकारांना वाट पुसत चाललो आहे असं त्यांनीच सांगून ठेवलंय. त्याला आपण उतरवून काढणं म्हणत नाही. घेतल्यानं विचार परका होत नसतो.

वेगळेपण कुठं असावं, याचं मला पटलेलं उदाहरण तुमच्याच पेशातलं आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. 1905 साली डहाणूला जन्म, आणि 1930 पासून 1962 पर्यंत नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठात खुर्ची नाही. त्यांचा 6174 तुम्हाला ठाऊक असेलच, तरी इतर वाचकांसाठी सांगते. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. समजा 3524. अंक उतरत्या क्रमानं लावा, मग चढत्या क्रमानं, आणि वजा करा: 5432 वजा 2345, उत्तर 3087. पुन्हा तेच: 8730 वजा 0378, उत्तर 8352. पुन्हा: 8532 वजा 2358, उत्तर 6174. त्यापुढे कितीही करा, 6174च येत राहतं. कुठल्याही संख्येपासून निघा, फार तर सात पायऱ्यांत तिथं पोचता. 1949 मध्ये त्यांनी हे मद्रासच्या गणित परिषदेत मांडलं. अनेकांनी त्यांचं काम किरकोळ म्हणून बाजूला सारलं. 1975 मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या एका नामांकित विज्ञान मासिकात त्यांच्याबद्दल लिहिलं, तेव्हा जग त्यांना ओळखू लागलं.

यातली वजाबाकी प्राथमिक शाळेतली आहे. संगणकाला चार अंकी सगळ्या संख्या तपासायला डोळ्याचं पातं लवायचा अवकाश. पण तपासायचं काय, हे आधी कुणाला तरी वाटायला हवं होतं. कापरेकरांना कुणी विचारलं नव्हतं, अभ्यासक्रमात नव्हतं, बढती मिळणार नव्हती. त्यांना ते करून बघावंसं वाटलं आणि ते वाटणं त्यांनी जन्मभर सोडलं नाही.

'यंत्राला प्रश्न पडत नाहीत' असा मात्र नवा सिद्धांत यावरून काढू नका, नाहीतर पुन्हा तेच व्हायचं. 1976 मध्ये अमेरिकेत डग्लस लेनाट यांनी 'एएम' नावाचा एक प्रोग्रॅम केला होता. त्याला संच वगैरे अगदी प्राथमिक कल्पना दिल्या होत्या. तिथून तो संख्यांपर्यंत गेला, मूळसंख्यांपर्यंत गेला, दोनपेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळसंख्यांची बेरीज असते या गोल्डबाखच्या अनुमानापर्यंतही गेला. म्हणजे प्रश्नही त्यानं मांडले. पण कोणती गोष्ट लक्षवेधी समजायची याचे दोनशेहून अधिक नियम लेनाट यांनीच त्याला आखून दिले होते, आणि निघालेल्या ढिगातलं मोलाचं काय तेही माणसानंच ओळखलं. कुतूहल उसनं होतं. आजची यंत्रं त्याहून कितीतरी पुढं गेली आहेत आणि 'एखादा नवा प्रश्न काढ' म्हटलं तर दहा काढून देतील. त्यातल्या एकानंही त्यांची झोप उडत नाही. तुमची उडाली.

आता काय करायचं ते सांगते.

त्या मुलीची माफी मागा, आणि वर्गात मागा. शिक्षकांच्या खोलीत बोलावून हळूच नको. हसला होता वर्ग, तेव्हा ऐकायलाही वर्गच हवा. मी सातवीत असताना 'शून्यानं का भागायचं नाही' असं विचारलं होतं आणि 'पुस्तकात लिहिलंय म्हणून' असं उत्तर मिळालं होतं. पुढे दोन वर्षं मी गणिताच्या तासाला काही विचारलं नाही, आणि पन्नास वर्षांनी आजही तो फळा मला दिसतो. तुमच्या हातात अजून वेळ आहे.

शब्द तुमचे असू देत, पण अर्थ साधारण असा: "मागच्या महिन्यात मी सांगितलं की एआय भरलेलंच ओकतं. मी ते पुरतं तपासून बोललो नव्हतो. ते चूक होतं. आणि हिनं जो प्रश्न विचारला, तो ट्युरिंग नावाच्या थोर गणितज्ञानं सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी विचारला होता. मी तिला खाली बसवायला नको होतं." इतकंच. शिक्षकाचा मान यानं कमी होईल ही भीती मी समजू शकते. नववीची मुलं उलट असं कधी पाहिलेलं नसल्यामुळे कान टवकारून ऐकतील.

तिच्या तक्रारीतला दुसरा भाग मात्र माफीनं सुटणार नाही. फळ्यावरून वहीत, वहीतून परीक्षेत, हे तिनं खरंच सांगितलं. अभ्यासक्रम पुरा करायचा असतो, दहावी तोंडावर असते, हे मला माहीत आहे. सगळा तास बदला असं मी म्हणत नाही. आठवड्यातून एक तास, तोही जमला नाही तर शनिवारची शेवटची वीस मिनिटं, असं काहीतरी द्या ज्याचं उत्तर फळ्यावर येणार नाही.

सुरुवात कापरेकरांपासून करा. चार अंकी संख्या सगळ्यांना वहीत करू दे. प्रत्येकाची संख्या वेगळी आणि प्रत्येकाच्या पानावर शेवटी 6174, ही गोष्ट एकमेकांच्या वह्या बघूनच कळू दे. तुम्ही सांगू नका. मग तीन अंकी द्या. तिथं 495 सापडेल. मग दोन अंकी. तिथं कुठलीच एक संख्या ठाण मांडत नाही: 63 मधून 27, त्यातून 45, मग 09, मग 81, आणि परत 63. कोणीतरी "सर, हे फिरतंच राहतंय" असं ओरडेल. कोणाचं तरी सगळं शून्य होईल, कारण त्यानं 44 घेतले असतील, आणि 'सगळे अंक सारखे नकोत' ही अट का आहे हे त्यालाच उमगेल. ज्याच्याकडे फोन आहे त्याला घरी एआयला विचारू दे, लपवून कशाला? फक्त त्यानं दिलेलं प्रत्येक उत्तर वहीत वजाबाकी करून तपासून आणायचं, एवढी अट घाला.

आणि पाच अंकी संख्यांचं काय होतं, हे त्या मागच्या बाकावरच्या मुलीवर सोपवा. उत्तर तुम्हाला ठाऊक असलं तरी सांगू नका. तिला वेळ लागेल, वही भरेल, मधेच एखादा हातचा चुकेल. ती पुन्हा हात वर करेल तेव्हा काय विचारते, ते मला जरूर लिहून पाठवा.

तुमची,
ताई